बीडीएल लिहिलंय म्हणून सही करायची नसते

एमएस्सी झालेली मुलं हल्ली बरेचदा विचारतात की अणुवीज केंद्राच्या पर्यावरण रिपोर्टचं रिव्ह्यू करायचं काम नेमकं असतं काय, दिवसभर करता काय, त्याला फिजिक्स लागतं का केमिस्ट्री. दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी केमिस्ट्रीची. पहिली काही वर्षं सॅम्पल गोळा करणं आणि मोजणं, मग रिव्ह्यू. हाच क्रम उलटा असता तर मी या कामात टिकले नसते.

आपल्याला जवळचं उदाहरण तारापूरचं. १९६९ पासूनची पहिली दोन युनिटं उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीची, आणि २००५-०६ मध्ये आलेली तीन आणि चार नंबरची, ५४० मेगावॅटची, ती जड पाण्याची. एकाच आवारात दोन जातींच्या अणुभट्ट्या, त्यामुळे बाहेर काय पडतं तेही वेगळं. पहिल्या जातीत क्रिप्टॉन-झेनॉनसारखे वायू, थोडं आयोडीन, पाण्यात सीझियम-कोबाल्ट, तर जड पाण्याच्यात मुख्य भानगड ट्रिटियमची, जो गामा सोडतच नाही आणि ज्याचा बीटाही इतका दुबळा की नेहमीच्या गामा डिटेक्टरला तो दिसतच नाही, त्याला लिक्विड सिंटिलेशन काउंटर वेगळा लागतो. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी बघायचं की प्लांट कुठल्या जातीचा आहे आणि त्या जातीला जे शोधायला हवं ते शोधलंय का.

आता लिमिट. नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. सामान्य जनतेसाठी किरणोत्सर्गाच्या डोसची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे डोस मोजायचं एकक), म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट, आणि हे निसर्गातून मिळतं ते सोडून, निसर्गाचं तर जगात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच. पण हा १ चा आकडा अख्ख्या साइटचा आहे, एका युनिटचा नाही. त्याचे वाटे पडतात, या युनिटला इतका, त्या युनिटला इतका, शेजारी वेस्टचा प्लांट असला तर त्याला, थोडा राखून ठेवायचा, आणि प्रत्येकाच्या वाट्यात परत हवेतून किती नि पाण्यातून किती. मग उलटं गणित करत जायचं, की एवढा डोस व्हायला वर्षात किती बेकरेल (किरणोत्सर्गी पदार्थ मोजायचं एकक, सेकंदाला एक विघटन) समुद्रात जावे लागतील. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, १९८७ च्या नियमांखाली जे ऑथरायझेशन देते त्यात या डिस्चार्जचे आकडे असतात. म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्यासमोर दोन बाजू असतात. एकीकडे प्लांट म्हणतो मी एवढं सोडलं, दुसरीकडे बीएआरसीची, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची, पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा, जी प्लांट सुरू व्हायच्या आधीपासून तिथे असते, ती म्हणते की ३० किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात, मातीत, दुधात, मासळीत मला एवढं सापडलं. या दोन्ही बाजू एकच गोष्ट सांगतायत का, हे बघायचं. लिमिटच्या खाली आहे की नाही ते तर कॉम्प्युटरही सांगतो.

माझी पहिली फाइल मी दोन तासांत संपवली होती. कुठली ते सांगत नाही. सगळीकडे बीडीएल, बीडीएल, बीडीएल, म्हणजे मोजता येईल त्याच्या खाली, मग अजून काय हवं, मी सही करून वर पाठवली. संध्याकाळी सरांनी बोलावलं नि एवढंच विचारलं, ‘‘खाली म्हणजे कशाच्या खाली?’’ मला सांगता येईना. मागच्या तिमाहीत सीझियमची मोजण्याची मर्यादा होती त्याच्या अडीच पटीहून जास्त या तिमाहीत झाली होती आणि मी तो कॉलम वाचलाच नव्हता. कारण साधं होतं, सॅम्पल साठलेली म्हणून मोजायचा वेळ कमी केलेला.

ही मोजण्याची मर्यादा एकदा स्वतः हाताने काढून बघा, फॉर्म्युला करी नावाच्या शास्त्रज्ञाचा, १९६८ चा, अजून तोच चालतो. २.७१ अधिक ४.६५ गुणिले बॅकग्राउंड काउंटचं, म्हणजे सॅम्पल नसतानाही डिटेक्टरवर येतात त्या नोंदींचं, वर्गमूळ. समजा ६०,००० सेकंद मोजलं, सीझियमच्या गामाच्या ६६२ केईव्ही ऊर्जेच्या जागी बॅकग्राउंड १०० काउंट आले, तर ४९.२ काउंट. त्याला वेळ, एफिशियन्सी (निघालेल्या गामांपैकी डिटेक्टर किती पकडतो) समजा २ टक्के, दर विघटनामागे गामाचं प्रमाण ०.८५ आणि सॅम्पल १ किलो, याने भागलं की ०.०४८ बेकरेल प्रति किलो. आता तेच सॅम्पल १०,००० सेकंदच ठेवा, बॅकग्राउंड साधारण १७ काउंट, आणि उत्तर ०.१३. म्हणजे ०.०८ असलेला मासा पहिल्या मोजणीत दिसेल आणि दुसऱ्यात बहुतेक बीडीएल होऊन जाईल. मासा तोच. यात कोणी खोटं बोललं का, नाही. पण तुम्ही ट्रेंडचा ग्राफ काढला तर वाटेल सीझियम गेलं, आणि पुढच्या वर्षी वेळ परत वाढवला की वाटेल आलं, आणि मग पेपरवाले विचारणार.

आयोडीन-१३१ चं तर अजून नाजूक. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ८ दिवस. दुधाचं सॅम्पल तीन आठवडे फ्रीजमध्ये पडून राहिलं तर होतं त्याच्या सहाव्या हिश्शाहून कमी उरतं. त्यामुळे मी आकडा वाचायच्या आधी दोन तारखा वाचते, घेतलं कधी नि मोजलं कधी. एका रिपोर्टात दुसरी तारीखच नव्हती, त्या एका प्रश्नावर फाइल परत पाठवली आणि तिकडच्या लोकांनी महिनाभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं. चालायचंच.

आता माझी सगळ्यात आवडती ट्रिक, जी कुठल्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवली नाही. पोटॅशियम-४०. हे नैसर्गिक आहे, प्लांटशी काही संबंध नाही, तुमच्या माझ्या अंगातही साधारण ४००० बेकरेल आहे, म्हणून लोक ती ओळ सोडून देतात. सोडू नका, त्या ओळीवरून अख्खी लॅब तपासता येते. १ ग्रॅम पोटॅशियम म्हणजे ३१ बेकरेल. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ०.३९ ग्रॅम, म्हणजे साधारण १२ बेकरेल यायलाच हवेत. ४ आले तर एक तर पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, गोडं पाणी मिसळलेलं सॅम्पल घेतलंय किंवा एफिशियन्सी चुकलीय. एका खासगी लॅबच्या बेसलाइन (प्लांट सुरू व्हायच्या आधीच्या) रिपोर्टात सगळ्या मासळीत ८०-१०० दिसत होतं आणि एकाच सॅम्पलमध्ये ४०० च्या वर. दोन दिवस मी स्पेक्ट्रम बघत बसले, आणि मग डोक्यात आलं की हे बोंबील असणार, आणि सुके! ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, त्याला वलांडीवर वाळवला की वजन जातं नि पोटॅशियम तेवढंच राहतं. बाकीचे सगळे ओल्या वजनावर आणि हा एक सुक्या वजनावर, आणि तक्त्यात कुठे शब्द नाही. सीझियमचा आकडाही अर्थात तसाच फुगलेला.

मासळीवरून आठवलं. डोस काढताना कोणाचा डोस, हे ठरवावं लागतं, आणि तो शहरातल्या सरासरी माणसाचा नसतो, सगळ्यात जास्त ज्याला मिळू शकतो त्याचा, म्हणजे समुद्रकाठच्या प्लांटला कोळ्याच्या घरातला. त्यासाठी खाण्याचा सर्व्हे करतात. मी फॉर्म घेऊन गेले होते एका पाड्यात, विचारलं मावशी, महिन्याला किती किलो मासे लागतात घरात. मावशी हसायलाच लागल्या, म्हणाल्या, ‘‘किलोत कोन मोजतं गो पोरी, वाटा असतो आमचा.’’ बरोबरच आहे, बाजारात वाटे लावलेले असतात नि फॉर्ममध्ये किलोचा रकाना. मग दोन वाटे विकत घेतले, वाण्याकडे जाऊन वजन केलं, साफ केल्यावर परत केलं, आणि त्या गुणोत्तराने अख्ख्या गावाचा फॉर्म भरला. माझा अंदाज होता त्याच्या तिप्पट निघालं. गणितात किती फरक पडतो बघा, ०.५ बेकरेल प्रति किलो सीझियम धरलं आणि वर्षाला २० किलो मासे, तर १० बेकरेल, म्हणजे ०.१३ मायक्रोसिव्हर्ट. तिप्पट केलं तरी ०.३९. हजारापुढे काहीच नाही, खरंय. पण तुम्ही २० किलो लिहून गावात जनसुनावणीला उभं राहिलात तर पहिली मावशीच उठून म्हणेल की हा माणूस आमच्याकडे कधी जेवलेला नाही, आणि मग तुमच्या मायक्रोसिव्हर्टवर कोणी का विश्वास ठेवावा?

आणि हेही सांगते की किनाऱ्यावरच्या लोकांची तक्रार बहुतेक वेळा रेडिएशनची नसतेच. गरम पाण्याची असते, मासा लांब गेला याची असते. त्याचं लिमिट वेगळं आहे, समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांना सोडलेल्या पाण्याने समुद्राचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. जुन्यांना कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करायच्या यंत्रात) शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात १० अंशांचा फरक चालतो. तारापूरजवळ तर एमआयडीसीच्या केमिकल कारखान्यांचं पाणीही त्याच किनाऱ्याला जातं, तेव्हा मेलेला मासा कोणाच्या खात्यावर टाकायचा हे एका रिपोर्टातून ठरत नाही. पण ‘तो आमचा विषय नाही’ असं म्हणू नका, निदान तापमानाचा तक्ता मागवा आणि थर्मामीटर भरतीला लावला होता की ओहोटीला ते विचारा.

एक सापळा राहिला. ‘डिस्चार्जचं पाणी कूलिंगच्या पाण्यात मिसळून एवढं पातळ झालं’ असं वाक्य आलं की थांबायचं. पातळ केल्याने लिटरमागचं प्रमाण कमी होतं, एकूण बेकरेल तेवढेच समुद्रात जातात. दोन्ही लिमिटं वेगळी असतात, एक एकूण आणि एक प्रमाणाचं, आणि वर्षाच्या एकूणात आरामात बसणाऱ्या प्लांटनेही एखाद्या दिवशी एक टाकी जास्तच सोडलेली असू शकते. त्यामुळे वर्षाची बेरीज नको, टाकीवार रजिस्टर मागा. द्यायला कंटाळा करतात, मागत राहायचं.

या लाइनीत शिरायचं कसं तर फिजिक्सवाल्यांना बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे, बाकीच्यांना बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल आहे, एईआरबी आणि एनपीसीआयएलच्या (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) जाहिराती येतात, गेट परीक्षेचा स्कोअर हातात ठेवा. पर्यावरण मंजुरीच्या बाजूनेही येता येतं, २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यमापन) नोटिफिकेशनमध्ये अणुवीज प्रकल्प ‘अ’ वर्गात आहेत, तिथे सल्लागार कंपन्यांना माणसं लागतात, पगार सुरुवातीला यथातथाच. रिव्ह्यूची पोस्ट मिळत असली तरी पहिलं वर्ष सॅम्पलिंग मागून घ्या, ऑफिसात हसतील, हसू दे. आणि मी इंटरव्ह्यूच्या पॅनेलवर असले तर पहिला प्रश्न फुकटात फोडते, समुद्राच्या एक लिटर पाण्यात पोटॅशियम-४० किती. १२ म्हणालात की मी विचारणार, आणि ४ आलं तर?