चोरल-पाताळपाणीला जाताना बिबट्यापासून जपा
इंदूरहून चोरल, पाताळपाणी किंवा जानापावला सहलीला जाताय? त्या जंगलात बिबटे आहेत, आणि वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्यांना लहान जनावरासारखा वाटू शकतो. म्हणून लघवी-शौचाला झुडपाआड एकट्याने कधीच बसू नका. दुसऱ्या कुणीतरी जवळ उभं राहून मोठ्याने बोलत राहावं. संकोच बाजूला ठेवा. चालताना मुलं मधे, मोठी माणसं पुढे-मागे. अंधार पडायच्या आत गाडीत.

बिबट्या समोर आलाच तर:
१. पळू नका, पाठ फिरवू नका.
२. लहान मुलाला उचलून घ्या, पण नजर बिबट्यावरच.
३. हात वर करून जोरात ओरडा, हळूहळू मागे सरका.

पिल्लं दिसली तर फोटोसाठीही थांबू नका. आई जवळपास असू शकते.