वायरलेस माउस अडखळतो, कीबोर्डवरची अक्षरं गळतात: माझा अनुभव

आई-बाबांच्या डेस्कटॉपसाठी वायरलेस कीबोर्ड-माउसचा सेट घेतला. लक्षण असं: बाण मध्येच थिजायचा, मग उडी मारून भलतीकडे जायचा, मराठी टाइप करताना काना-वेलांट्या गळायच्या. बाहेरची हार्ड डिस्क लावली की त्रास वाढायचा, आणि खरी खूण हीच.

सेल बदलले, माउसखाली पॅड ठेवलं, ड्रायव्हर पुन्हा टाकला. फरक शून्य. "वायरचाच बरा होता," हे बाबांचं पालुपद ऐकून वैताग आला.

सेटचा रिसीव्हर (यूएसबी पोर्टमध्ये खोचायचा, माउस-कीबोर्डचे संकेत घेणारा छोटा तुकडा) २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो आणि यूएसबी ३.० चं (जास्त वेगाचं) पोर्ट, त्यात लावलेलं उपकरण (इथे हार्ड डिस्क) व त्याची वायर त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं.

उपाय, याच क्रमाने: रिसीव्हर यूएसबी ३.० पोर्टमधून काढा (ते बहुधा आतून निळं असतं, रंगावरून कळलं नाही तर 'एसएस' खूण बघा). यूएसबी २.० पोर्टला साधारण मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावा. तिचं दुसरं टोक टेबलावर, कीबोर्डजवळ आणा; डिस्क आणि कॅबिनेटचा पत्रा दोन्हींपासून लांब. रिसीव्हर त्यात खोचा. मग डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असताना टाइप करून पाहा.

ब्लूटूथचा सेट घेऊन हे टळेलच असं नाही, तेही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं. घरातल्या ज्येष्ठांसाठी ठळक अक्षरांचा आणि साध्या पेन्सिल सेलवर चालणारा सेट बघा. चार्जिंग त्यांच्या लक्षात राहत नाही.