आणीबाणीचा शिधा कसा निवडावा: सोलापूरच्या घरांसाठी

2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हा माझी मावशी मोहोळ तालुक्यातल्या तिच्या गावी होती. घर उंचावर असल्याने आत पाणी शिरलं नाही. ज्वारीचं पोतं भरलेलं होतं. पण वीज गेली आणि गिरणी बंद पडली. घरात पोतंभर ज्वारी असून भाकरी मिळेना. मग दोन दिवस अख्खी ज्वारी भिजवून, शिजवून घुगऱ्या करून खाल्ल्या.

तेव्हापासून साठ्यासाठी काही घेताना मी दोन गोष्टी बघते. ते किती दिवस टिकेल, आणि ताटात येईपर्यंत त्याला पाणी, गॅस, वीज, गिरणी यातलं काय काय लागेल.

आधी हिशेब करा. दहा दिवसांचा शिधा धरा. चौघांच्या घराला भाकरी-पोळीचं पीठ, तांदूळ आणि पोहे मिळून 15 किलो, डाळी-कडधान्यं 3 किलो आणि तेल दीड लिटर पुरतं. शिवाय मीठ, गूळ, चहा-साखर. घरात मधुमेहाचं कुणी असेल किंवा लहान बाळ असेल, तर त्यांचं खाणं आणि औषधं वेगळी मोजा.

मग शिध्याचे तीन भाग करा.

पहिला भाग चुलीशिवाय खाता येईल असा. आपल्याकडे यासाठी बाहेरून काही शोधायला नको. कडक भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे. कडक भाकरी म्हणजे पातळ थापून, मंद आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. आत ओल राहिली नसेल आणि डबा घट्ट असेल, तर ती महिनाभर सहज टिकते. घेताना एक मोडून बघा. कट्‌कन तुटली पाहिजे. मधे जरा जरी लवली तर ती साठ्याची नव्हे, चार दिवसांत बुरा धरेल. आमटी नसली तर पाण्याचा हबका मारून चटणी-तेलासोबत खाता येते. याच भागात फुटाणे, गूळ, खजूर, पोहे आणि सातूचं पीठ ठेवा. सातूचं पीठ आधीच भाजलेल्या गहू-डाळीचं असल्याने गूळ-पाण्यात कालवलं की पोट भरतं, आणि म्हाताऱ्या माणसांनाही चावायला त्रास नाही.

दुसरा भाग थोड्या गॅसवर होणारा: तांदूळ, रवा, मूगडाळ. मूगडाळ तूरडाळीपेक्षा लवकर शिजते. आणीबाणीत गॅस पुरवून वापरायचा असतो, म्हणून या साठ्यात मी तिलाच पुढे ठेवते.

तिसरा भाग अख्ख्या धान्याचा. मालदांडी ज्वारी नीट वाळवली तर वर्षभर राहते. पण तिच्या जोडीला दहा दिवसांचं दळलेलं पीठ हवंच, हा मावशीच्या घुगऱ्यांचा धडा. बाजरीचं पीठ मात्र साठवू नका. आठ-दहा दिवसांत कडवट होतं.

शेंगदाणे निवडताना घाई नको. शेंगदाणे आणि चटणी दोन्ही तेलकट, आणि सोलापूरचा उन्हाळा 42-43 अंशांचा. उन्हात ती लवकर खवट होतात. खवट दाणा जिभेला लगेच कळतो. बुरशी त्याहून वाईट. काळपट, हिरवट, सुरकुतलेला दाणा दिसला तर तो टाकून द्या, आणि असे बरेच निघाले तर अख्खी पिशवी टाका. या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्यानेही पुरतं जात नाही. म्हणून चटणी थोडी-थोडी करा, एकदम दोन किलो कुटून ठेवू नका.

भरताना. धान्याला कडक ऊन द्या, पण गरम असतानाच डब्यात भरू नका. आत घाम सुटतो आणि किडीला निमित्त मिळतं. रात्रभर निवू द्या. ज्वारीत कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला, तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवा.

जागेचं मात्र सोलापुरात कोडं आहे. पुराच्या भीतीने शिधा माळ्यावर ठेवावा, तर पत्र्याखाली मे महिन्यात तिथे भट्टी असते. माझा तोडगा असा: उन्हाळाभर तेलकट जिन्नस खाली माजघरात ठेवायचे आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वर हलवायचे. ज्वारी-तांदूळ बारा महिने वर. पुराचं पाणी लागलेलं पीठ-धान्य वाळवून वापरायचा मोह टाळा. त्यात गटाराचं पाणीही मिसळलेलं असतं.

पाणी. माणशी रोज 4 लिटर, पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी. चौघांचं तीन दिवसांचं म्हणजे जवळपास 50 लिटर. शहरात नळ काही दिवसांआड येतो, त्यामुळे पिंप भरायची सवय आपल्याला आहेच. फक्त यातलं 50 लिटर झाकण लावून बाजूला ठेवा आणि नळ आला की बदला.

फिरवत राहा. प्रत्येक डब्यावर भरल्याचा महिना लिहा. कडक भाकरी आणि चटणी महिन्याच्या महिन्याला जेवणात काढा, तेवढीच नवी भरा. बाकीचे डबे गुढीपाडव्याला आणि नवरात्राच्या साफसफाईत उघडून हुंगा. जुनं आधी स्वयंपाकात घ्या. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधीचे चार दिवस म्हणूनच रोज मुगाची खिचडी असते.