मुलांना पाणलोट शिकवताय? या चुका टाळा

22 मार्चला जल दिनाची फेरी निघते, घोषणा होतात, फोटो होतात. दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, ‘आपल्या शाळेच्या छपरावरचं पाणी कुठल्या ओढ्याला मिळतं?’ सगळे एकमेकांची तोंडं बघतात. पाणलोट म्हणजे तर हेच: ज्या भागातलं पावसाचं पाणी वाहत एकाच ओढ्याला मिळतं, तो भाग. म्हणून आधी शिवारफेरी, आणि तीही भर पावसात. गढूळ पाणी कुठल्या उतारावरून येतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की ‘माथा ते पायथा’, म्हणजे कामं टेकडीच्या माथ्यापासून सुरू करून खाली यायचं, हे समजावायला फळा लागत नाही. ओढा खोल करण्याची घाई का नको, तेही तिथेच कळतं: वरची माती अडवली नाही, तर ती पहिल्या जोरदार पावसातच खाली येऊन बसते.

सगळ्यात जास्त घोळ समतल चरांत, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणायच्या चरांत होतो. आम्हीही केला. डोळ्यांच्या अंदाजाने आखलेला चर एका टोकाला जरासा उतरता निघाला. सगळं पाणी तिकडे धावलं आणि चर फुटून तिथे घळ पडली. तीन काठ्या, सुतळी आणि दगडाचा ओळंबा एवढ्यात ए-फ्रेम (समपातळी शोधायची इंग्रजी ‘A’च्या आकाराची चौकट) होते, पण ती वापरण्याआधी तपासावी लागते. सुतळी आडव्या काठीला जिथे टेकेल तिथे खूण करा. मग दोन्ही पाय त्याच जागी, पण अदलाबदल करून ठेवा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. दोन मिनिटं वाचवायला हीच तपासणी हमखास टाळली जाते! चराची माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची. वर टाकली तर पावसाने परत चरातच येते.

रोपं? उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे ठरलं नसेल, तर लावूच नका.

मोजमाप मात्र टाळू नका. हिवरे बाजार या गावात पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिकं त्यावर ठरतात. मुलांनाही हा हिशेब जमतो: एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, साधारण एक टँकर. पर्जन्यमापक झाडाखाली किंवा भिंतीलगत ठेवू नका. विहिरीची पातळी सकाळी, मोटर सुरू होण्याआधी मोजा. मोटर चालू असताना घेतलेल्या एका नोंदीवरून अख्खा वर्ग ‘विहीर आटली’ म्हणून गावभर सांगत सुटला होता.