लिबरेटरचं मॉडेल आणि कोकणातली हवा : या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या बी-२४ लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाचं १/७२ मापातलं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं) प्लॅस्टिकचं मॉडेल रत्नागिरीत बसून करायचं, तर किटसोबतचा कागद पुरत नाही. तो कोरड्या हवेच्या गावांसाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे जुलैत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, मग रंग कसा वाळणार?

तरीही हेच विमान करा असं मी सांगेन, कारण ते आपलंही आहे. महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर हिंदुस्थान एअरक्राफ्टनं दुरुस्त केली आणि भारतीय वायुदलानं ती १९६८ पर्यंत उडवली. ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्याहून समुद्रावर टेहळणीला जायची. पुण्याहून समुद्राकडे जायचं तर वाटेत कोकणच.

नाकातलं वजन

सगळ्यात जास्त मॉडेलं इथेच बिघडतात. लिबरेटरचं तिसरं चाक नाकाखाली असतं, त्यामुळे पुढे वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. पुढचं टोक काचेचं असल्यानं तिथे वजन लपवताही येत नाही. कॉकपिटच्या जमिनीखाली आणि नाकाच्या चाकाच्या खोबणीभोवती जागा शोधा. मुख्य चाकांपासून वजन जितकं पुढे, तितकं कमी लागतं. धड चिकटवण्याआधी सगळं टेपनं जोडा, पंखांखाली मुख्य चाकांच्या रेषेत दोन पेन्सिली धरा आणि नाक खाली जातंय का ते पाहा. रंग आणि बारीक भाग नंतर चढतात, म्हणून थोडं जास्तच भरा.

वजनासाठी मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या जाळ्यांच्या दुकानात मिळणारं शिसं उत्तम. ते हाताळल्यावर हात साबणानं धुवा. मात्र ते पांढऱ्या गोंदानं चिकटवू नका. मी तसं केलं होतं. बंद धडात त्या गोंदाच्या आम्लानं आणि दमटपणानं शिशावर पांढरी भुकटी धरली, ती फुगत गेली आणि दोन वर्षांनी पोटाखालचा सांधा उकलला. शिशाला इपॉक्सीच, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, लावा.

मॉडेल आधीच शेपटीवर बसत असेल, तर चाकाच्या खोबणीतून भोक पाडून लहान तुकडे इपॉक्सीसह आत सारा. तेही जमत नसेल तर शेपटीखाली पारदर्शक काडी लावा. खऱ्या लिबरेटरलाही जमिनीवर शेपटीखाली टेकू देत असत, तेव्हा त्यात कमीपणा नाही.

काचा धुरकटणं

शिशाला नको असलेला पांढरा गोंद काचांना मात्र हवाच. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरी साय धरते, आणि तो गोंद ओलाव्यानंच घट्ट होत असल्यानं आपल्याकडे हे लवकर घडतं. साय धरलीच, तर मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन हलक्या हातानं घासा, बरीचशी जाते.

रंगावर पांढरी झाक

लॅकर, म्हणजे झटकन वाळणारा रंग, फवारल्यावर त्यातला थिनर (रंग पातळ करणारा द्रव) झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर उतरतं. रंग दुधाळ दिसतो तो त्यामुळे. घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला की बहुतेक वेळा रंग पुन्हा स्वच्छ होतो. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन, मध्येच पाणी थुंकत असेल, तर कॉम्प्रेसरच्या गाळणीतलं पाणी काढा. पावसाळ्यात मी ते दर अर्ध्या तासानं काढतो. खरं तर पावसात कॉकपिट, इंजिनं आणि सांध्यांची घासाई करावी, आणि रंगकाम दिवाळी ते शिमगा या दिवसांसाठी राखून ठेवावं.

डेकल

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा. मॅट (बिनचकाकीच्या) रंगावर थेट लावलेल्या डेकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. आधी ग्लॉस (चकाकीच्या) वार्निशचा हात द्या. दमट कपाटात पिवळी पडलेली डेकलं झिपच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, आठवडा-दोन आठवड्यांच्या उन्हात पिवळेपणा उतरतो. त्या काळातल्या भारतीय वायुदलाच्या विमानांवरच्या गोल खुणेत केशरी बाहेर, पांढरा मध्ये आणि हिरवा आत. हा क्रम उलटा लावलेली मॉडेलं मी पाहिली आहेत, आणि एकदा वार्निश चढलं की ते डेकल अख्खं निघत नाही.