मशीन गळत होतं, मी डायल वाढवत होतो

लॅब्राडॉर कुत्रीचं गर्भाशय काढत होतो. भुलीच्या मशीनवर आयसोफ्लुरेन (हुंगवायचं भुलीचं औषध) 2 टक्क्यांवर, तरी बाईसाहेब पाय झाडतायत! 3 केलं. मशीनचा श्वासाचा फुगा ढिलाच, खोलीत मात्र औषधाचा वास. कसंबसं उरकलं.

नंतर गळती शोधायला पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) बंद केला, नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं, ऑक्सिजन सोडून दाब 30 सेंमी पाण्याच्या उंचीइतका नेला आणि ऑक्सिजन बंद केला. काटा सरसर खाली! प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले सोडा लाइमच्या, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या डब्यापाशी. रबरी रिंगखाली एक दाणा अडकलेला. आदल्या दिवशी सोडा लाइम मीच बदललं होतं, म्हणजे कंपनीला शिव्या देणंही गेलं. रिंग पुसून बसवली, काटा थांबला.

आता ही तपासणी रोज सकाळी. झाल्यावर व्हॉल्व्ह आठवणीनं उघडतो. तो बंद राहिला तर जनावराची फुप्फुसं फुटू शकतात.