संत्र्यावरचे कोळी मोजायला जाताय?

एम.एस्सी.ला कीटकशास्त्रात माझा विषय होता संत्र्यावरच्या कोळ्यांची हंगामानुसार संख्या. हे जाळं विणणारे कोळी नव्हेत, सालीचा रस शोषणारे बारीक कोळी, म्हणजे माइट. बाग वरुड तालुक्यातली, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी. दर आठवड्याला खुणेच्या झाडांवरची फळं भिंगाने तपासायची आणि कोळी मोजायचे. पहिला महिना माझा वाया गेला, तो तुमचा जाऊ नये.

मी तांबूस फळं निवडत होते. फळावरच्या या तांबूस डागांना संत्र्याचे शेतकरी लाल्या म्हणतात, मोसंबीच्या पट्ट्यात मंगू. जितकं लाल तितके कोळी जास्त, असं मी धरून चालले होते. भिंगातून मात्र कोळ्यांनी टाकलेल्या पांढुरक्या काती तेवढ्या दिसायच्या. वहीत शून्यामागून शून्य. शेवटी बागमालक काका म्हणाले, "ताई, लाल फळ कायले पाह्यता? हिरवं पाहा." शेजारचं कोरं फळ हाती धरलं, तर सालीवर पिवळसर भुकटी चक्क हलत होती!

हा कोळी सालीच्या वरच्या पेशी शोषतो. पेशी मेल्यावर डाग उमटतो, तोवर कोळी चांगल्या सालीकडे सरकलेला असतो. म्हणून मोजणीला डाग नसलेली फळंही घ्याच.

त्याची लांबी जेमतेम 0.15 मिलिमीटर, आकार पाचरीसारखा, पायांच्या जोड्या दोनच. आठ पायांचे लाल कोळी वेगळे, त्यांचा रकाना वेगळा ठेवा. भिंग किमान 10 पट, 20 पट असेल तर डोळे दुखत नाहीत. फळाच्या कडक उन्हातल्या भागावर हे कोळी कमी बसतात, तेव्हा प्रत्येक फळावर ठरावीक जागाच मोजा आणि झाडाच्या चारही बाजूंची फळं घ्या.

उन्हाळ्यात एक पिढी 7 ते 10 दिवसांत पुरी होते. पंधरवड्याने गेलात तर मधला चढ हातून निसटतो. पावसाळ्यात संख्या पडली की सगळं श्रेय पावसाला देऊ नका, दमट हवेत हिर्सुटेला नावाची बुरशीही त्यांना मारते.

आणि मोजण्याआधी काकांना विचारा, फवारणी झाली का? माझा एक आलेख अचानक कोसळला. कारण शोधत मी तापमानाच्या नोंदी चाळत बसले, आणि झाली होती गंधकाची फवारणी. पुढे काकांनी पाच झाडं बिनफवारणीची सोडली. त्यांची फळं लाल झाली. आत गोडच होती, पण व्यापाऱ्याने भाव पाडला. तो तोटा संशोधनाच्या खर्चात आधीच धरा आणि शेतकऱ्याला द्या. मी धरला नव्हता.